पट्टी, लोकल फंड आणि ग्रामनिधी : इंदापूर भागातील बिनकर्जी गावसोयी

बारामती–इंदापूर रस्त्यावरचे निमगाव केतकी हे विड्याच्या पानांसाठी आणि डाळिंबासाठी ओळखले जाणारे मोठे बाजारगाव. संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा मुक्कामही येथे असतो. अशा गावांतले रस्ते, विहिरी, शाळा आणि दिवाबत्ती बहुतांशी कर्ज न काढता उभी राहिली. पैसा कोणत्या वाटेने आला, यावर ती सोय कोणाच्या वाट्याला येणार हेही ठरत गेले.

मराठा राजवटीत सरकारी साऱ्याबरोबर गावखर्चाचीही वसुली होई. सादिलवार म्हणून लागणाऱ्या या रकमेतून चावडी, देवस्थान, उत्सव, पाहुण्यांची सरबराई असे खर्च भागत. बारव किंवा वेस बांधायची असेल तर वर्गणी होई, एखादा दाता पुढे येई. मात्र बारव गावाची असली, तरी तिचे पाणी सगळ्या गावाचे नव्हते. अस्पृश्य ठरवलेल्या जातींकडून गावकामे करून घेतली जात, पण त्याच पाणवठ्यावर त्यांना मज्जाव असे. गावकीच्या ऐक्याचे कौतुक करताना ही बाजू झाकता येत नाही.

इंग्रजी अमलात ही व्यवस्था मोडली. इंग्रज अधिकारी प्रिंगल यांच्या 1828 नंतरच्या पाहणीने ठरवलेला सारा इंदापूर तालुक्याला पेलवला नाही आणि जमिनी ओस पडल्या. मग गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी 1836 मध्ये याच तालुक्यात तीस वर्षांच्या मुदतीची, हलक्या दराची नवी आकारणी लागू केली. पुढे मुंबई इलाख्यात रुजलेल्या जमीन आकारणीच्या पद्धतीचा पाया येथे पडला. सारा आता थेट खातेदाराकडून घेतला जाऊ लागला आणि सामाईक खर्चाची गावाची कुवत आटली. खातेदार सावकाराच्या दारी गेला. 1875 चे सावकारविरोधी दंगे या भागातही पसरले. कर्जाचा हा अनुभव गावांच्या गाठीशी होता.

सामाईक कामांसाठी नवा पैसा 1860 च्या दशकात आला. साऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा लोकल फंड घेतला जाऊ लागला आणि 1869 च्या कायद्याने त्याला आधार दिला. त्यातला दोन तृतीयांश भाग रस्ते-विहिरींसारख्या कामांना, एक तृतीयांश शाळांना मिळे. आण्याने फार मोठे काम होत नसे, पण हा पैसा सर्वांचा आहे हे कागदावर आले. मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांनी 1923 मध्ये मांडलेल्या ठरावाने सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या केल्या. अंमलबजावणी दुबळी राहिली, तरी हक्क सांगायला जागा मिळाली ती त्या सार्वजनिक पैशामुळेच.

स्वातंत्र्यानंतर 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाने ग्रामनिधी निर्माण केला. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, बाजार फी, यात्रा कर ही त्याची साधने. कर्जाची वाट कायद्याने बंद केली नाही, पण तीही घरचीच ठेवली. ग्रामपंचायती उत्पन्नाच्या 0.25 टक्के रक्कम जिल्हा ग्राम विकास निधीत भरतात आणि गरजू पंचायतीला त्यातून कर्ज मिळते. अडचण वसुलीची आहे. शेजाऱ्याच्या दारात घरपट्टी मागणे सरपंचाला जड जाते, आणि थकबाकी वाढली की गटार अर्धवट राहते.

1972 च्या दुष्काळात निराळी वाट सापडली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आकाराला आली. 1975 पासून नोकरदार आणि व्यावसायिकांकडून व्यवसाय कर घेऊन राज्याने तेवढीच भर घालायची, असे ठरले. शहरी पगारातून खेड्यातल्या पाझर तलावांना आणि रस्त्यांना पैसा मिळाला, आणि तो मजुरीच्या रूपाने भूमिहीनांच्या हातातही पडला. गावाच्या पट्टीला हे कधी साधले नव्हते.

2000-01 मध्ये आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने श्रमदान आणि वर्गणीला पुन्हा मान दिला. 2015 पासून चौदाव्या वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतींच्या खात्यावर जमा होऊ लागला. पंधराव्या आयोगात जिल्हा परिषद आणि पंचायत समितीलाही वाटा मिळाला, आणि साठ टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेसाठी बांधून दिली गेली. गावाच्या स्वतःच्या उत्पन्नातले पंधरा टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करणे पंचायतीवर बंधनकारक आहे.