ठाणें-कल्याणचीं वाहनें आणि त्यांची निगा

यंत्रांचा इतिहास सांगतांना तीं कोणीं शोधून काढलीं व प्रथम कोणीं चालविलीं, एवढेंच आपण बहुधा सांगतों. तीं बंद पडूं नयेत म्हणून रोज सकाळीं ज्यांनीं त्यांचें तेलपाणी केलें, त्यांची नोंद इतिहासाच्या पुस्तकांत फारशी सांपडत नाहीं. ठाणें, कल्याण आणि डोंबिवली हा मुलूख वाहनांच्या इतिहासांत जुना आहे. त्याच्याच आधारें आज ह्या दुर्लक्षित बाजूचा थोडा विचार करूं.

१६५७ सालीं शिवाजी महाराजांनीं कल्याण व भिवंडी घेतली आणि मराठ्यांच्या आरमाराचा आरंभ ह्याच खाडीच्या कांठीं झाला. लांकडी गलबताला खाऱ्या पाण्यांतील कीड आणि ऊन असे दोन शत्रु असतात. म्हणून कोंकणचा नाखवा पावसाळ्याच्या तोंडीं होडी किनाऱ्यावर ओढून घेई, तळ घासून काढी, फटी बुजवी आणि तेल चोपडी. होडी गळूं लागली म्हणून तो हें करीत नसे. ती गळूं नये म्हणून करीत असे. दुरुस्ती आणि निगा ह्यांतला सगळा फरक एवढ्यांत आला.

पुढें १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत एकवीस मैलांचा आगगाडीचा प्रवास झाला. १८५४ सालीं रूळ कल्याणास पोंचले. १८६३ सालीं बोरघाट आणि १८६५ सालीं थळघाट चढून गाडी देशावर गेली. आगगाडीबरोबर वेळापत्रक आलें, आणि वेळापत्रकाबरोबर नियमित तपासणी आली. इंजिन वाटेंत बंद पडलें तर मागच्या साऱ्या गाड्या खोळंबतात. म्हणून तें बिघडण्याची वाट पाहाणें परवडत नाहीं. स्थानकांत गाडी उभी असतां लांब दांड्याच्या हातोडीनें प्रत्येक चाक ठोकीत जाणारा कामगार एके काळीं सर्वांच्या परिचयाचा होता. निर्दोष चाक खणखणीत वाजतें, तडा गेलेलें बद्द वाजतें; त्या आवाजावर शेंकडों प्रवाशांचे प्राण अवलंबून असत.

मोटारीची गोष्ट निराळी. ती खासगी मालकाच्या दारांत उभी राहते, आणि तेथें हातोडी घेऊन कोणी येत नाहीं. सोलापूरचे वालचंद हिराचंद ह्यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली आणि १९४७ सालीं तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून गाड्या निघूं लागल्या. १९५४ पासून तेथें इटलीच्या फियाट कंपनीची ‘अकराशें’ जातीची मोटार तयार होऊं लागली. तीच १९७४ सालीं ‘पद्मिनी’ झाली. त्या काळीं पैसे भरूनहि गाडीसाठीं कित्येक वर्षें थांबावें लागे. एकदां मिळालेली मोटार मग घरांतील दुभत्या गाईप्रमाणें सांभाळली जाई, ह्यांत नवल नाहीं. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ सालीं नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा भरल्यावर ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. कारखान्यांतून पद्मिनी निघणें बंद झालें, त्यानंतरहि इतकीं वर्षें ह्या गाड्या भाडें कमावीत होत्या, तें टॅक्सीवाल्यांच्या आणि मिस्त्रींच्या हातांमुळें.

ह्याच कंपनीचा दुसरा कारखाना कल्याणास होता. १९९० नंतर फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या भागींत तेथें ‘प्यूजो ३०९’ ही मोटार निघाली. परंतु १९९७ सालीं ती भागी मोडली. कारखाना थांबला तरी विकलेली गाडी चालूच राहते, आणि तिचा एखादा भाग मोडला तर तो शोधीत फिरण्याचें काम मालकाच्या कपाळीं येतें. अशा वेळीं भाग मोडूं न देणें हाच स्वस्त उपाय ठरतो.

आतां कायदा काय म्हणतो तें पाहूं. टॅक्सी, बस, मालमोटार अशा भाड्याच्या वाहनांना योग्यतेचा दाखला लागतो. तीं आठ वर्षांचीं होईपर्यंत दर दोन वर्षांनीं आणि पुढें दरवर्षीं त्यांस सरकारी तपासणीला उभें राहावें लागतें. खासगी मोटारीची नोंदणी मात्र १९८८ च्या कायद्याप्रमाणें एकदम पंधरा वर्षांची असते. म्हणजे पंधरा वर्षें त्या गाडीचा तपासनीस तिचा मालकच. ही जबाबदारी किती जणांच्या ध्यानीं येते, ह्याची मला शंका आहे.

डोंबिवली-कल्याणकडील गृहस्थाची अडचण तर अधिक सूक्ष्म आहे. तो सहा दिवस लोकलनें मुंबईस जातो. मोटार इमारतीखालीं उभी असते आणि रविवारीं बाजारापर्यंत जाऊन येते. ‘गाडी फिरतच नाहीं, तर तिला तेल कशाला बदलावें?’ असें तो म्हणतो. वस्तुतः उभी गाडीहि झिजते. थोड्या फेरीनें इंजिन पुरतें तापत नाहीं. त्यामुळें न जळलेलें इंधन आणि पाण्याचा अंश तेलांत मिसळून राहातो व वंगणाची शक्ति कमी होते. म्हणून तेल ठराविक किलोमीटरांनंतर किंवा वर्षानें, जें आधीं येईल तेव्हां, बदलावें. बॅटरी आपोआप उतरते. टायरांतील हवा कमी होते. पंधरवड्यानें एकदां हवा तपासावी आणि आठवड्यांतून एकदां अर्धा तास तरी गाडी रस्त्यावर फिरवावी.

ह्याहून गंभीर बाब ब्रेकची. ब्रेकच्या नळींतील द्रव हवेंतला ओलावा शोषून घेतो, आणि आपली हवा तर वर्षांतील चार महिने पाण्यानें जड झालेली असते. कसारा घाट उतरतांना ब्रेक सतत दाबून धरला कीं चाकें तापतात, द्रवांतील पाण्याची वाफ होते, आणि पायाखालचें पेडल कांहींएक प्रतिकार न करतां तळाशीं जातें. वाफ दाबली जाते. द्रव दाबला जात नाहीं. ब्रेक चालतो तो ह्या दुसऱ्या गुणावर. तो द्रव साधारणपणें दर दोन वर्षांनीं बदलण्यास लागणारा खर्च अल्प आहे. न बदलण्याचा खर्च पैशांत मोजतां येत नाहीं. घाट उतरतांना खालचा गियर ठेवावा, हा जुन्या चालकांचा नियमहि ह्याच कारणासाठीं आहे.

पावसाचें एक उदाहरण द्यावयाचें तर २६ जुलै २००५ चें. सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि इकडे उल्हास नदीचें पाणी कल्याणच्या परिसरांत शिरलें. ज्या इंजिनांत हवेच्या वाटेनें पाणी जातें, तें सुरू करण्याचा प्रयत्न केला कीं दट्ट्या त्या पाण्यावर आदळतो आणि त्याचा दांडा वांकतो. बुडालेली गाडी सुरू न करतां ओढून न्यावी, एवढें ठाऊक असलें तरी फार मोठी दुरुस्ती टळते.

सारांश, सकाळीं निघण्यापूर्वीं पांच मिनिटें पुरेशीं आहेत. सपाट जागीं, इंजिन थंड असतां तेलाची पट्टी पाहावी; थंड पाण्याच्या टांकीची पातळी पाहावी, परंतु तापलेल्या रेडिएटरचें झांकण कदापि उघडूं नये; टायर, दिवे व पावसाळ्यांत कांच पुसणारे हात तपासावे; गाडी उभी होती तेथें जमिनीवर डाग पडला आहे काय तें पाहावें. शेवटचें काम सर्वांत सोपें आणि सर्वांत जास्त सांगून जाणारें आहे. नाखव्यानें होडीसाठीं आणि रेल्वेच्या कामगारानें चाकासाठीं जें केलें, तेंच आपण आपल्या घरांतील माणसांसाठीं करतों, असें समजून तें करावें.