बारा 'ई' आणि एक 'क्यू'



एस, टी, ओ आणि पी ही चार इंग्रजी अक्षरे फळ्यावर लिहा आणि मुलांना विचारा, "यांतून शब्द किती निघतात, सांगा पाहू?" पहिला मुलगा 'स्टॉप' म्हणेल, एस.टी.च्या गाडीने तो शब्द गावोगाव पोचवलाच आहे. दुसरा 'पोस्ट' म्हणेल. मग एखादी मुलगी 'स्पॉट' काढील, कोणी 'टॉप्स', कोणी 'पॉट्स'. अक्षरे तीच चार, एकही कमी नाही की जास्त नाही, आणि शब्द मात्र पाच! नेटाने शोधणाऱ्याला सहावाही सापडेल.

आता थोडे गणित पाहा. चार अक्षरे २४ प्रकारांनी मांडता येतात. पण सात वेगवेगळी अक्षरे घेतली, तर मांडण्या होतात ५०४०. इतक्या मांडण्या करून कोण पाहणार? म्हणून जाणता माणूस भाषेच्या सवयी ध्यानात ठेवतो. इंग्रजीत 'क्यू' आला की त्याच्या पाठोपाठ बहुधा 'यू' येतो. आय, एन आणि जी हातात असली, तर ती शब्दाच्या शेवटी बसतात का, हे आधी पाहावे. भाषेच्या अशा सवयी लोकांनी मोजून कशा काढल्या, आणि त्या मोजणीतून एका बेकार गृहस्थाने काय उभे केले, त्याची हकिगत आज तुम्हांला सांगायची आहे.

तारेपासून सुरुवात करू. आपल्याकडची तारसेवा २०१३ साली बंद झाली. पण गावात तार आली म्हणजे घरोघर छातीत कसे धस्स होई, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. ती तार टिंबे आणि रेघा यांच्या लिपीत येई. १८३० नंतरच्या दशकात अमेरिकेत सॅम्युएल मोर्स आणि त्याचा साथीदार आल्फ्रेड व्हेल ही लिपी ठरवीत होते. कोणत्या अक्षराला सर्वांत छोटी खूण द्यावी, हा प्रश्न होता. उत्तर मिळाले छापखान्यात. जे अक्षर मजकुरात जास्त लागते, त्याचे खिळे छापखानेवाला जास्त ठेवतो. खिळे मोजले, तर 'ई' सर्वांच्या पुढे! म्हणून 'ई'ला नुसते एक टिंब मिळाले. पुढे जगभर रूढ झालेल्या लिपीत 'टी'ला एक रेघ आहे, आणि क्वचित लागणाऱ्या 'क्यू'ला तीन रेघा व एक टिंब.

हीच युक्ती एडगर ॲलन पो या अमेरिकन लेखकाने १८४३ साली 'द गोल्ड-बग' या गोष्टीत वापरली. गोष्टीतल्या नायकाला पुरलेल्या धनाचा ठावठिकाणा सांगणारा गुप्त लिपीतला कागद मिळतो. त्यातली कोणती खूण सर्वांत जास्त वेळा आली आहे, हे तो मोजतो, ती 'ई' असणार असे धरून चालतो, आणि एकेक शब्द सोडवीत जातो.

आता आपण येऊ न्यूयॉर्क शहरात. १९२९ साली अमेरिकेत मोठी मंदी आली. कारखाने बंद पडले, इमारतींची कामे थांबली. आल्फ्रेड बट्स हा इमारतींचे नकाशे काढणारा गृहस्थ. १९३१ साली त्याची नोकरी गेली. हाताला काम नाही, पण वेळ भरपूर. नशीब आणि अक्कल दोन्ही लागतील असा खेळ करावा, असे त्याने मनात घेतले. पोची ती गोष्ट त्याच्या वाचनात होती, असे सांगतात. त्याने 'न्यूयॉर्क टाइम्स'सारखी वर्तमानपत्रे पुढ्यात घेतली आणि प्रत्येक अक्षर किती वेळा येते, ते मोजून काढले.

त्या मोजणीच्या आधाराने आजच्या इंग्रजी संचातल्या १०० सोंगट्या ठरल्या. त्यांत 'ई' बारा, 'ए' नऊ, 'आय' नऊ. 'क्यू' आणि 'झेड' एकेकच. दुर्मिळ अक्षराला गुण जास्त: 'ई'ला एक, तर 'क्यू'ला दहा. दोन सोंगट्या कोऱ्या, त्या हव्या त्या अक्षराच्या जागी लावायच्या. आणि गंमत अशी, की 'एस' त्याने मुद्दाम चारच ठेवले. शब्दाला 'एस' जोडला की अनेकवचन झाले. तसे 'एस' पुष्कळ असते, तर खेळात राम उरला नसता.

खेळाला पट मिळाला १९३८ च्या सुमारास. पण खेळ काढणाऱ्या कंपन्यांनी त्याला एकामागून एक नकार दिला. तो घरीच संच तयार करी आणि स्नेह्यासोबत्यांना देई. १९४८ साली जेम्स ब्रुनो या गृहस्थाने हा खेळ हाती घेतला आणि त्याला 'स्क्रॅबल' हे नाव दिले. पहिली वर्षे तोट्यातच गेली. १९५२ नंतर मात्र न्यूयॉर्कच्या मेसीज या मोठ्या दुकानाने संच मागवले, आणि थोड्याच वर्षांत लाखो संच खपले. पहिल्या मोजणीपासून तोवर वीस वर्षे लोटली होती. बट्स १९९३ साली, त्र्याण्णव वर्षांचा होऊन वारला.

शिक्षक मित्रांनो, बट्सने जे मोजले ते कोणाच्याही तिजोरीत नव्हते. दोन-चार पैशांच्या वर्तमानपत्रात ते सगळ्यांपुढे उघडे होते. बसून मोजणारा मात्र हवा होता.

स्पेलिंगला भिणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. त्यांना वाटते, हा सगळा मनमानी कारभार आहे. एखादे जुने इंग्रजी पान घ्या, सव्वीस अक्षरे मुलांत वाटून द्या आणि ज्याचे त्याला अक्षर मोजू द्या. 'ई'वाल्याची बोटे दुखतील, 'क्यू'वाला रिकामा बसेल, आणि इंग्रजीलाही काही चाल आहे, हे मुलांना आपल्या डोळ्यांनी दिसेल. मग पुठ्ठ्याचे तुकडे कापून त्याच प्रमाणात अक्षरे लिहा आणि खेळ मांडा.

दुसऱ्या दिवशी मराठीचे पान द्या. तिथे मात्र पहिल्याच ओळीला वाद होईल. 'स्त्री' हे अक्षर एक धरायचे, की स, त, र आणि दीर्घ ई असे चार मोजायचे? काना, मात्रा वेगळ्या धरायच्या, की अक्षरातच? तो वाद मुलांना मनसोक्त घालू द्या. आपली लिपी कशी बांधलेली आहे, हे त्या एका तासात जेवढे कळेल, तेवढे नुसत्या पाठांतराने कळणार नाही.