वऱ्हाडातील तबकड्या आणि त्यांचे नवे दप्तर

वऱ्हाड प्रांताचा कायमचा पट्टा सालीना 25 लाख रुपयांच्या मोबदल्यात निजामाकडून इंग्रज सरकारकडे आला तो 5 नोव्हेंबर 1902 च्या करारान्वये. आणि त्याच महिन्यात कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेडरिक गैसबर्ग गायिका गौहरजानचा आवाज मेणाच्या तबकडीवर उतरवून घेत होता. या दोन घटनांचा परस्परांशी काडीइतकाही संबंध नव्हता, हे उघड आहे. परंतु ज्या कापसाच्या उत्पन्नामुळे हा मुलूख इंग्रजांना हवासा झाला होता, त्याच उत्पन्नातून पुढे येथील सावकार, वकील, जमीनदार यांच्या दिवाणखान्यांत चावीचे ग्रामोफोन आले, एवढा योग मात्र नमूद करण्याजोगा आहे.

अमेरिकेतील 1861 ते 1865 च्या यादवी युद्धामुळे वऱ्हाडच्या कापसाला जगाच्या बाजारात भाव आला, 1870 मध्ये खामगावास आणि लवकरच अमरावतीस रेल्वेचा फाटा मिळाला, आणि अकोल्यापासून बडनेऱ्यापर्यंत जिनिंगचे कारखाने उभे राहिले. या पैशावर हिंदुस्थानी गाण्याच्या ज्या तबकड्या येथे आल्या, त्या आरंभी जर्मनीतील हानोव्हर येथे घडत. 1908 मध्ये कलकत्त्यास सियालदा येथे कारखाना निघाल्यावर त्या येथेच होऊ लागल्या. त्यांचा मुख्य घटक लाख, आणि लाखेचा धंदा आमच्या शेजारच्या गोंदिया-भंडाऱ्याकडचाच.

श्रोता मात्र यंत्राच्या आधीच तयार झाला होता. नाट्यसंमेलनाचे पहिले अधिवेशन 1905 साली मुंबईस भरले तेव्हा अध्यक्षपद अमरावतीच्या दादासाहेब खापर्ड्यांकडे गेले, यावरून या प्रांताच्या रसिकतेचा दर्जा ध्यानात यावा. परंतु वऱ्हाड केवळ ऐकणारा नव्हता. मेहकरास वकिली करणारे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता गो. ना. जोशी यांनी स्वरबद्ध करून गायिली, 1930 नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत तिची ध्वनिमुद्रिका निघाली, आणि मराठी भावगीताचा आरंभ पुष्कळ जण त्या तबकडीपासून धरतात. नाटकाचा प्रसंग नाही, मैफलीचा विस्तार नाही, केवळ तीन मिनिटांत एका मनःस्थितीचे चित्र पुरे करावयाचे, ही शिस्त त्या लहानशा वर्तुळाने गायकास लावली. माझ्या मते भावगीत हे जितके कवीचे अपत्य आहे तितकेच तबकडीच्या मर्यादेचेही आहे. जोशी स्वतः वकिलीचे शिक्षण घेतलेले. ते पुढे ग्रामोफोन कंपनीत ध्वनिमुद्रण अधिकारी झाले आणि त्यांनी थोरथोर कलावंतांचे गाणे मुद्रित केले. पुढे व्हिनाइलची दीर्घ तबकडी आली, तीन मिनिटांची वीस-पंचवीस मिनिटे झाली, आणि अमरावतीत 1932 साली जन्मलेल्या सुरेश भटांची गीते हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींत याच नव्या तबकड्यांवरून घरोघर गेली.

आता या साऱ्या संचिताचे संगणकाच्या फायलींत रूपांतर चालू आहे. हे काम दिसते तितके यांत्रिक नाही. लाखेच्या तबकडीची खाच व्हिनाइलपेक्षा सुमारे तिप्पट रुंद असल्याने तिला सुई निराळी लागते. व्हिनाइल पुसावयाचे स्पिरिट लाखेवर घातले तर ती विरघळू लागते. आणि 78 फेऱ्यांची म्हणून विकलेली आरंभीची तबकडी प्रत्यक्षात 70 ते 80 च्या दरम्यान कोणत्याही वेगाने मुद्रित झालेली असू शकते, त्यामुळे वेग चुकला की गायकाची पट्टी चुकते आणि ऐकणाऱ्यास त्याची वार्ताही नसते. त्यातच वऱ्हाडचा उन्हाळा! पारा 45 अंशांपलीकडे जात असता माळ्यावर आडव्या रचून ठेवलेल्या तबकड्या वाकल्या तर नवल कसले?

खरखर काढून टाकण्याचा मोह तर फारच घातक. कारण यंत्र खरखरीबरोबर तंबोऱ्याची झार आणि गायकाचा श्वासही झाडून नेते. म्हणून 24 बिट आणि 96 किलोहर्ट्झ या मापाची, कसलीही दुरुस्ती न केलेली मूळ नक्कल प्रथम करावी. तीन मिनिटांच्या एका बाजूस सुमारे 100 मेगाबाइट जागा लागते, आणि आजच्या काळी ती मुळीच महाग नाही. साफसूफ करावयाची ती दुसऱ्या प्रतीवर.

परंतु स्वर उतरला म्हणजे काम झाले असे समजणारे, माझ्या दृष्टीने, अर्धेच काम करतात. तबकडीच्या मध्यावरील कागद, त्यावरचा क्रमांक, खाचा संपल्यावर कोरलेला मातृकेचा, म्हणजे मूळ साच्याचा, आकडा, पाकिटावरील दुकानदाराचा शिक्का, हे सारे त्या आवाजाचे खासरा-खतौनीच होय. ते हरवल्यास फाईल बेवारस ठरते. मुंबईत 1990 साली स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेने अशी नोंद ठेवण्याचा परिपाठ घालून दिला आहे. हक्कांची बाबही ध्यानी असावी: ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षे टिकतो, शब्दांवरील हक्क कवीच्या मृत्यूनंतर 60 वर्षे. ना. घ. देशपांडे 2000 साली निवर्तले. म्हणजे ‘शीळ’ची तबकडी मोकळी झाली, तरी तिचे शब्द 2060 पर्यंत मोकळे नाहीत.

अमरावती-अकोल्याकडच्या ज्या घरांतून अशा पेट्या अद्याप शिल्लक असतील, त्यांच्या मालकांनी त्या भंगारवाल्याच्या हवाली करण्यापूर्वी निदान प्रत्येक तबकडीच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे, आणि ती कोणी, केव्हा, कोठून आणली हे घरातील वृद्धांना आजच विचारून लिहून ठेवावे.