बारा महिने, दुसऱ्याचा पाऊस

मे 1877. तुम्ही बारामतीच्या वरच्या अंगाला, नीरेच्या खोऱ्यात उभे आहात. ऊस शोधू नका, तो यायला अजून वेळ आहे. नजर जाईल तिथवर मुरमाड माळ आणि शेंडे खुडलेल्या बाभळी. गेल्या साली मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरडी गेली, शेवटचा भरवसा हस्तावर होता, तोही फिरकला नाही. आता समोर दुष्काळी काम चाललंय. गडी टिकावाने चर खणतायत, बाया चुंबळीवर पाट्या वाहतायत. एकीची चुंबळ सुटते, ती पदराचं टोक पिळून पुन्हा वळते, पाटी डोक्यावर घेते आणि चालू लागते. दिवसभराचं मोल म्हणजे ब्रिटिश अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी घटवून ठेवलेलं एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे. एवढ्यात पोट भरत नाही म्हणून दख्खनमध्ये ठिकठिकाणी मजुरांनी कामं सोडली आहेत आणि पुण्याची सार्वजनिक सभा सरकारकडे अर्जांवर अर्ज धाडते आहे.

हा चर म्हणजे नीरा डावा कालवा. 1885 साली त्यातून पाणी सुटेल, पुढे भोरजवळ भाटघरचं धरण होईल आणि बारामतीचं नशीब पालटेल. पण ते पाणी बारामतीवर पडलेलं नसेल. इथे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, महाबळेश्वरला त्याच्या दहापट. सगळे ढग सह्याद्रीच्या माथ्यावर रिते होतात आणि आपल्या वाट्याला येतो तो नुसता वारा. या मुलखाचे ऋतू समजून घ्यायचे तर डोक्यावरच्या आभाळाकडे नाही, पश्चिमेच्या घाटाकडे बघावं लागतं.

आता आषाढ 1972, बारामती तालुक्यातली काटेवाडी. तुकोबांची पालखी येते आहे. परीट मंडळी वाटेवर धोतरांच्या पायघड्या अंथरतायत, धनगरांनी मेंढ्या तयार ठेवल्या आहेत. पालखी टेकते आणि मेंढ्यांचं रिंगण सुरू होतं. या दिवसांत खुरांनी चिखल उडायला हवा. उडतो फुफाटा. वारकरी तोंडावर उपरणं धरतात, पण टाळ थांबत नाही. पुढच्या काही महिन्यांत हीच माणसं नालाबंडिंगच्या कामावर सुकडी खातील आणि अमेरिकेहून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी थापतील. एका तालुक्यात तुम्हाला दोन हवामानं दिसतील: कालव्याखालची बागायत आणि सुपे-मोरगावकडची जिरायत. नकाशावर दोन्हींत फारसं अंतर नाही. सोयरीक जमवताना मात्र ते अंतर बरोबर मोजलं जायचं.

ऐंशीचं दशक तोंडाशी आलंय. इंदापूर तालुक्यात, भीमाकाठी जुन्या पळसदेवात तुम्ही पलासनाथाच्या दगडी देवळापुढे आहात. गावात सामान बांधणं चाललंय, काहींनी घराच्या तुळयासुद्धा काढून गाडीत घातल्या आहेत. वर ऊन लख्ख आहे, तरी नदी चढते आहे, कारण पाऊस लागलाय तो भीमाशंकर, मावळ आणि मुळशीत. खाली उजनी धरणाच्या भिंतीने पाणी अडवलंय. देऊळ बुडेल. 1858 साली पुण्याहून निघालेली आगगाडी पहिल्यांदा ज्या डिकसळपर्यंत धावली, तिथला जुना लोहमार्गही पाण्याखाली जाईल. ज्या उन्हाळ्यात धरण फार खाली जातं, तेव्हा पलासनाथ पुन्हा बाहेर येतो आणि लोक दर्शनाला जातात. दुष्काळात देव भेटतो, असं म्हणायला हरकत नाही!

जानेवारी, अगदी अलीकडचा. पहाटे उजनीच्या पाण्यात, कुंभारगावच्या काठावर नाव ढकलताना हात गारठतात. पारा एखाद्या दिवशी दहाच्याही खाली असतो. नावाडी इंजिन बंद करून बांबूने नाव पुढे रेटतो. धुक्यातून आधी गुलाबी पाय दिसतात, मग रोहित पक्षी. चोच उलटी धरून तो गाळ चाळतोय, पायांनी चिखल तुडवतोय. पलीकडे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब, हिमालय ओलांडून आलेले. तिकडच्या बर्फातले हे पाहुणे इथे हिवाळा काढतात. भादलवाडीच्या तळ्यातल्या बाभळींवर चित्रबलाकांनी घरटी घातलीत. परतताना रस्ताभर उसाच्या गाड्या, कडेला तोडणीवाल्यांच्या कोप्या, भिगवणच्या बाजारात चिलापीचे ढीग. हेही विसरू नका की या पाण्यात पुण्या-पिंपरीचं सांडपाणीही आलेलं आहे. पर्यटनाच्या जाहिरातीत ते नसतं.

आणि 25 मे 2025, रविवार. रोहिणी नक्षत्र लागण्याचा दिवस. एरवी या तारखेला बारामतीकर घाम पुसत आभाळाकडे बघतो. आज इथलं स्वतःचं आभाळ फुटलंय. नीरा डावा कालवा पिंपळीजवळ फुटतो, पाणी शेतांत आणि घरांत शिरतं, बारामती-इंदापुरात बचाव पथकं उतरतात. दुसऱ्या दिवशी मान्सून मुंबईत पोहोचतो, जिथे तो एरवी 11 जूनला येतो. दीडशे वर्षांपूर्वी पाटी-पाटीने उपसलेल्या त्या चरात आता पाणी मावत नाहीये. पाऊस नसण्याचा बंदोबस्त या भागाने पिढ्यान्‌पिढ्या केला. पाऊस एकदम येण्याचा अजून केलेला नाही.

तुम्हाला खरोखर यायचं असेल तर डिसेंबर ते मार्च बरा. पण निघण्याआधी हवामानाचा अंदाज बघू नका, उजनीची पातळी विचारा. सुमारे 117 टीएमसीच्या या धरणात मृतसाठाच 63 टीएमसीच्या पुढे आहे, त्यामुळे इथे साठा ‘वजा’मध्येही मोजतात. धरण काठोकाठ असेल तर रोहित उशिरा येतात, कारण त्यांना गुडघाभर पाणीच लागतं.