माडिया गोंडविषयक अभ्यासग्रंथ

भामरागड (जि. गडचिरोली) हे इंद्रावती, पर्लकोटा व पामुलगौतमी या नद्यांच्या संगमाजवळील गाव. त्याच्या परिसरातील आणि पलीकडच्या अबूझमाडातील माडिया गोंड हे मुळात एकाच समाजाचे लोक होत. ब्रिटिश अमदानीत मात्र अबूझमाड बस्तर संस्थानात, तर भामरागड चांदा जिल्ह्याच्या अहेरी जमीनदारीत मोडत असे. ही प्रशासकीय रेषा पुढे ग्रंथांतही उमटली : विस्तृत अभ्यास झाला तो बस्तरच्या बाजूस, आणि चांद्याकडील माडियांची ओळख विद्वानांना बहुधा त्याच्याच आधारे झाली.

बस्तरचे माजी प्रशासक डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांचा द मारिया गोंड्स ऑफ बस्तर (१९३८) हा या विषयावरील पायाभूत ग्रंथ होय. डोंगरी माडियांची फिरती शेती, कुळव्यवस्था व देवके यांचे त्यातील वर्णन आजही उपयोगी पडते. परंतु तो कारभाऱ्याच्या नजरेने लिहिलेला आहे, हे विसरता येत नाही. व्हेरिअर एल्विन (१९०२–६४) यांनी मारिया मर्डर अँड सुइसाइड (१९४३) या ग्रंथात न्यायालयीन प्रकरणांच्या आधारे खून व आत्महत्या यांमागील सामाजिक कारणे शोधली. गुन्हेगारीच्या नोंदींतून एखाद्या समाजाविषयी सहानुभूती निर्माण करणे सोपे नव्हे. एल्विन यांना ते साधले. १९२७ साली ख्रिस्ती सेवाकार्यासाठी पुण्यास आलेल्या या इंग्रज अभ्यासकाने १९५४ मध्ये भारतीय नागरिकत्व पतकरले. त्यांच्या द ट्रायबल वर्ल्ड ऑफ व्हेरिअर एल्विन (१९६४) या आत्मचरित्रास १९६५ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मरणोत्तर मिळाला. सन्मान झाला तो अभ्यासकाच्या जीवनकथेचा. ज्या ग्रंथांनी ती कथा घडविली, ते तज्ञांपुरतेच राहिले.

या लेखनामागे एक तीव्र वाद होता. आदिवासींना बाहेरच्या सावकार, ठेकेदार व कायद्यांपासून संरक्षण हवे, असे एल्विन यांचे म्हणणे होते. द बैगा (१९३९) मध्ये तर त्यांनी त्यासाठी राखीव प्रदेश सुचविला. ही टोकाची भूमिका त्यांनी पुढे सोडली. उलट गो. स. घुर्ये यांनी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आदिवासी हे मागासलेले हिंदू असल्याचे सांगून त्यांच्या समावेशनावर भर दिला. भामरागडच्या दृष्टीने हा वाद केवळ पुस्तकी नव्हता. १९३५ च्या कायद्यानुसार अहेरी जमीनदारी अंशतः वर्जित क्षेत्रांत समाविष्ट होती आणि ग्रिगसन यांनीच १९४४ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडातील आदिवासींच्या प्रश्नावर सरकारी अहवाल सादर केला. जंगल व जमीन यांवर हक्क कोणाचा, हा त्यातील कळीचा प्रश्न २००६ च्या वनहक्क कायद्यापर्यंत लांबला.

१९५६ मध्ये चांदा जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, तेव्हा जुनी संस्थानी सीमा राज्याची सीमा बनली. मराठी वाचकास माडिया जीवनाचा परिचय झाला तो मुख्यतः हेमलकसा येथील लोकबिरादरी प्रकल्पाच्या (स्थापना १९७३) कार्यकर्त्यांच्या अनुभवपर लेखनातून. प्रकाश आमटे यांचे प्रकाशवाटा हे आत्मकथन त्यांपैकी विशेष वाचले गेले. एल्विन यांचे चिकित्सक चरित्र लिहिले रामचंद्र गुहा यांनी (१९९९). त्यांच्या इंडिया आफ्टर गांधी या स्वतंत्र भारताच्या इतिहासास २०११ चा साहित्य अकादेमी पुरस्कार लाभला. तोही ग्रंथ इंग्रजीतच आहे. माडिया भाषा बोलणाऱ्यांनी स्वतः लिहिलेला इतिहास या मालिकेत कोठेही नाही.