कॅटोकॅला

कॅटोकॅला ही वनवासी पतंगांची मोठी प्रजाती आहे. पूर्वी ती नॉक्ट्युइडी कुलात धरली जाई; डीएनएच्या तुलनेनंतर वर्गीकरण बदलले आणि आता ती इरेबिडी कुलात येते. श्रांक या जर्मन निसर्गवैज्ञानिकाने ती १८०२ मध्ये स्थापन केली. तिच्या २०० हून अधिक जाती उत्तर गोलार्धातील समशीतोष्ण वनांत आढळतात. त्यांपैकी सुमारे १०० उत्तर अमेरिकेतील आहेत. हिमालयातही काही जाती आहेत.

पुढचे पंख करडे किंवा तपकिरी असून त्यांवरील नक्षी झाडाची भेगाळलेली साल आणि तिच्यावरचे दगडफूल यांच्याशी मिळतीजुळती असते. मागचे पंख बहुधा लाल, नारिंगी किंवा पिवळे व काळ्या पट्ट्यांचे असतात. काही जातींत ते जवळजवळ पूर्ण काळे असतात. यूरोप व आशियातील कॅ. फ्रॅक्सिनी या जातीत काळ्या पंखावर निळा पट्टा असतो. पतंगांत हा रंग दुर्मिळच.

दिवसा पतंग खोडावर मागचे पंख झाकून निश्चल बसतो. पांढुरकी कॅ. रेलिक्टा भूर्जवृक्षाच्या फिकट सालीवर दिसेनाशी होते. तरीही पक्ष्याने चोच मारलीच, तर रंगीत पंख एकदम उघडतात. पक्षी क्षणभर दचकतो आणि तेवढ्यात पतंग निसटतो. मात्र तोच रंग वारंवार दिसला की पक्ष्याची भीती मोडते; वेगळ्या नक्षीने तो पुन्हा दचकतो. पीट्रेविच व कॅमिल या संशोधकांनी १९७९ मध्ये ‘ब्लू जे’ या पक्ष्यांना खोडावरील पतंगांची छायाचित्रे दाखवली. एकच जात लागोपाठ दाखवली की पक्षी ती अधिकाधिक अचूक ओळखू लागले. दोन जाती मिसळल्या, तेव्हा ही सुधारणा दिसली नाही. म्हणजे अनेक जाती मिसळून असल्या की पक्ष्याची नजर कोणत्याही एकीला सरावत नाही; म्हणून एकाच वनात कॅटोकॅलाच्या इतक्या जाती का नांदतात, हे समजून घेण्यासाठी हा प्रयोग फार मोलाचा आहे. रात्रीचा शत्रू वटवाघूळ. त्याचे श्राव्यातीत ध्वनी पतंगाच्या वक्षावरील श्रवणेंद्रियांना ऐकू येतात.

वर्षाला साधारणपणे एकच पिढी होते. मादी सालीच्या फटींत अंडी घालते. अंडी हिवाळा काढतात आणि वसंतात पालवी फुटताना सुरवंट बाहेर पडतात. ओक, अक्रोड, हिकरी, पॉपलर, वाळुंज यांची पाने हे त्यांचे खाद्य. अनेक सुरवंटांच्या कडेला बारीक झालर असते; तिच्यामुळे डहाळीवर त्यांची सावली पडत नाही. प्रौढ पतंग उन्हाळ्याच्या उत्तरार्धात उडतात आणि झाडांतून झिरपणारा रस व आंबलेली फळे चोखतात. म्हणूनच त्यांच्या अभ्यासासाठी काकवी व बिअर यांचे मिश्रण संध्याकाळी खोडांना फासण्याची पद्धत आहे.