घाट

घाट (पु.). नदी, तलाव किंवा कुंडाच्या काठावरून पाण्यापर्यंत उतरणाऱ्या बांधीव पायऱ्या. मराठीत डोंगर उतरण्याची वाट असाही अर्थ. संस्कृत ‘घट्ट’ म्हणजे नावा लागण्याची, स्नानाला उतरण्याची जागा. त्यावरून प्राकृतातून हा शब्द आला. संस्कृत कोशांत ‘घट्टजीविन्’ असा शब्द आहे: घाटावर पोट असलेला, म्हणजे नावाडी. काशीत घाटावर बसणाऱ्या पुरोहिताला आजही घाटिया म्हणतात.

घाट म्हणजे नुसत्या पायऱ्या नव्हेत. नदीचे पाणी उन्हाळ्यात खोल जाते आणि पावसाळ्यात काठ गिळते. दोन्ही वेळी पाण्याशी पोचता यावे म्हणून पायऱ्या सर्वांत खालच्या पातळीपासून पुराच्या रेषेपर्यंत नेतात. मध्ये टप्पे ठेवतात आणि प्रवाहाचा मारा झेलायला बुरूज बांधतात. पाया चुकला तर नदी क्षमा करत नाही: बायजाबाई शिंद्यांनी काशीत बांधवलेला घाट एकोणिसाव्या शतकातच खचला. नर्मदेवर महेश्वरला अहिल्याबाई होळकरांच्या काळातले घाट आजही नांदते आहेत. महाराष्ट्रात कृष्णाकाठी वाईला रास्त्यांचे आणि मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागचे घाट पाहावेत. काळ्या पाषाणाचे इतके नेटके काम फार ठिकाणी नाही.

मराठीत हा शब्द डोंगरावर चढला. कोकणातून देशावर जाणारी प्रत्येक वाट घाट झाली, कडा घाटमाथा झाला. नदीचा उतार आणि डोंगराचा उतार, दोन्ही ठिकाणी वाटसरू थांबतो आणि माल अडतो, हे साम्य यामागे असावे. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनकालीन शिलालेख आहेत आणि माथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा म्हणून दाखवला जातो. पुढे बोरघाटातून 1863 मध्ये रेल्वे गेली. कोकणातला माणूस अजून ‘घाटावर’ जातो तो देशावर, आणि तिथून येणारा ‘घाटी’. मुंबईत या शब्दाला हिणवण्याचा वास लागला; तो वापर सोडून द्यावा असाच आहे.

तांब्याचा घाट, दागिन्याचा घाट, लग्नाचा घाट घालणे यांतला घाट वेगळा. तो ‘घडणे’ या क्रियापदाच्या कुळातला, संस्कृत ‘घट्’ धातूपासूनचा. त्याचा पायऱ्यांशी संबंध जोडू नये.

युरोपीयांनी वाटांचे हे नाव सगळ्या पर्वतरांगेलाच लावले आणि सह्याद्रीचा ‘पश्चिम घाट’ झाला. 2012 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत त्यातली 39 ठिकाणे याच नावाने नोंदली गेली. कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही त्यांपैकी महाराष्ट्रातली.